गणपती गेले, खोकला राहिला

अनंतचतुर्दशी झाली की आठवडाभरात माझ्या दवाखान्याचा आवाज बदलतो. बाकावर बसलेल्यांपैकी निम्मे खोकत असतात, बाकीचे नाक ओढत असतात. एका छपराखाली वीस-वीस माणसं राहिलेली, आरत्यांनी घसे बसलेले, भिंतींना श्रावणापासूनची ओल. त्यात एक जण मुंबईहून येताना सर्दी घेऊन आला की ती घरभर फिरते. चाकरमानी परत जातात, खोकला मागे राहतो. गेली एकतीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातल्या या किनाऱ्यावर मी हेच बघते आहे. या महिन्यात मासिकाकडे आलेला पत्रांचा गठ्ठाही तसाच निघाला. त्यातली सात पत्रं घेतली आहेत. ज्यांना थांबून चालणार नव्हतं त्यांच्याशी मी फोनवर बोलले. इथे उत्तर देते आहे ते तसाच त्रास असलेल्या इतरांसाठी.

त्याआधी एक काम सांगते. माझ्या पेशंटना मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर खुणा करायला लावते. सर्दी-खोकला सुरू झाला त्या तारखेला फुली. ताप आला त्या दिवशी ‘ता’. बरं वाटायला लागलं की टिंब, आणि परत बिघडलं तर दुसरी फुली. कफ पिवळा की हिरवा यापेक्षा या खुणांवरून मला कितीतरी जास्त कळतं.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. ३ तारखेला सर्दी झाली. ६ तारखेला शेंबूड हिरवा झाला म्हणून मेडिकलमधून तीन गोळ्यांचं अँटिबायोटिकचं पाकीट आणून घेतलं. १० तारखेला बरं वाटलं, पण १२ तारखेला परत ताप आला. उजवा गाल ठणकतो, वरच्या दाढा दुखतात, वाकून फळ्याखालचं काही उचललं की डोकं फुटेल असं वाटतं. एक्सरे काढला तर ‘सायनस आहे आणि नाकाचं हाड वाढलंय’ असं सांगितलं. ऑपरेशन करावं लागेल का? — एक शिक्षिका, गुहागर तालुका

ताई, तारखा लिहिल्यात हे फार बरं केलंत. पण त्याआधी एक शब्द नीट करून घेऊ. ‘मला सायनस आहे’ असं रोज कोणीतरी सांगतं. सायनस तर प्रत्येकाला असतात. कपाळाच्या हाडात, दोन्ही गालांत, डोळ्यांच्या मधोमध आणि नाकाच्या मागे खोल, अशा हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या. त्यांना सूज आली की तो आजार, सायनसायटिस.

गालातली पोकळी यांत सगळ्यांत मोठी, आणि तिचीच रचना सगळ्यांत गैरसोयीची. आपल्या घरातली मोरी जमिनीलगत असते, पाणी आपसूक वाहून जातं. गालातल्या पोकळीची मोरी मात्र पार वर, छताजवळ आहे, तीही काही मिलिमीटरची. मग आतला चिकट द्राव वर चढतो कसा? पोकळीच्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. बंदरात होडीतून मासळीच्या पाट्या हातोहात वर काढतात ना, तसा तो द्राव ते त्या तोंडाकडे सरकवत नेतात. सर्दीच्या विषाणूने अस्तर सुजलं की मोरीचं तोंड बुजतं, केस थकतात, द्राव साचतो. वाकलं की जे जड होतं ते त्यामुळे.

आता तुमच्या तारखा. ६ तारखेचा हिरवा रंग जिवाणूंचा पुरावा नव्हता. विषाणूशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमध्येच हिरवट रंगाचा एक पदार्थ असतो, म्हणून साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट आणि हिरवट होतो. मोठ्या माणसांच्या शंभर सर्द्यांपैकी फार तर दोनांत पुढे जिवाणूंचा संसर्ग होतो. अँटिबायोटिक चालतं ते जिवाणूंवर, विषाणूंवर नाही. म्हणजे ते पहिलं पाकीट तुम्ही विनाकारण घेतलंत. तशा गोळ्यांना सायनसमधले बरेच जंतू आता दादही देत नाहीत. गोळ्यांच्या पाकिटावर मागच्या बाजूला उभी लाल रेघ असते. ती रेघ दिसली की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते औषध घ्यायचं नाही.

१२ तारखेची गोष्ट मात्र वेगळी. बरं वाटून परत ताप चढणं आणि एकाच बाजूचा गाल ठणकणं, याला मी दुसरी फुली म्हणते. जिवाणू शिरल्याच्या तीन खुणा आम्ही धरतो. दहा दिवस उलटले तरी काडीचाही उतार नाही, ही पहिली. सुरुवातीलाच १०२च्या वर ताप, पुवासारखा शेंबूड आणि चेहऱ्याला ठणका, असं सलग तीन-चार दिवस, ही दुसरी. आणि तुमच्यासारखी बरी होता होता उलटलेली सर्दी, ही तिसरी. म्हणून फोनवर तुम्हाला सांगितलं की आता अँटिबायोटिक लागेल. ते तपासून, योग्य ते आणि सांगितलेले सगळे दिवस घ्यायचं, बहुतेक वेळा पाच ते सात दिवस.

एक्सरेची चिंता सोडा. साध्या सर्दीतल्या माणसाचाही स्कॅन काढला तर सायनसमध्ये सूज दिसतेच, आणि ती विषाणूची की जिवाणूची हे फोटोवरून कळत नाही. नाकाचं हाड ‘वाढत’ही नाही. मधला पडदा थोडा वाकडा असतो, तसा तो बहुतेकांचा असतो. ऑपरेशनचा विचार केव्हा करायचा? बारा आठवड्यांहून जास्त त्रास, नाक धुणं आणि फवारा नियमित करूनही फरक नाही, किंवा आत मांसाचे कोंब, म्हणजे पॉलिप, असतील तर. तुम्ही तिथे नाही आहात.

घरी एक गोष्ट मनापासून करा : मिठाच्या पाण्याने नाक धुवा. पेलाभर पाणी, चहाचा पाव ते अर्धा चमचा मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा. मोरीवर वाकून, डोकं एका बाजूला कलवून, तोंडाने श्वास घेत एका नाकपुडीतून सोडायचं आणि दुसरीतून येऊ द्यायचं. पाणी मात्र खळखळ उकळून कोमट केलेलंच हवं. आपल्याकडे ‘आमच्या विहिरीचं पाणी गोडं आणि स्वच्छ आहे’ असं अभिमानाने सांगतात, आणि ते प्यायला असेलही. पण कच्च्या पाण्यातला एक अमीबा नाकातून थेट मेंदूत जाऊ शकतो. केरळात अलीकडे त्याने माणसं दगावली आहेत. क्वचित होतं, पण झालं तर वाचणं कठीण. तांब्याभर पाणी उकळायला पाच मिनिटं लागतात, तेवढी द्या.

आणि हे सगळ्यांसाठी : डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, नजर अंधुक होणं, मान ताठणं किंवा माणूस गुंगीत जाणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

प्रश्न : मी रिक्षा चालवतो. आठ महिने झाले, नाक मोकळं करायचे थेंब टाकल्याशिवाय झोप येत नाही. आधी दिवसाला दोनदा पुरायचे, आता पाच-सहादा लागतात. — चिपळूण

दादा, आता तुमचं नाक सर्दीने बंद होत नाही, थेंबांमुळेच होतंय. हे थेंब रक्तवाहिन्या आकसवतात, पाच मिनिटांत नाक मोकळं. जोर उतरला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात, म्हणून परत थेंब. तीन दिवस, फार तर पाच, याच्यापुढे ते वापरायचे नसतात. डबीवर ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

सोडवायची माझी रीत सांगते. आज रात्रीपासून उजव्या नाकपुडीत थेंब बंद, डावीत चालू ठेवा. म्हणजे झोप मोडणार नाही. सोबत डॉक्टरांकडून स्टिरॉइडचा नाकातला फवारा लिहून घ्या. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या. टोक मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने. मान थोडी खाली, आणि जोराने ओढायचं नाही. त्याचा गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. उजवी बाजू मोकळी झाली की डावीचे थेंब बंद करा. पहिले चार-पाच दिवस त्रासाचे जातील, उशाखाली जास्तीची उशी घ्या. तुमच्यासारखे पुष्कळ जण यातून सुटलेले मी पाहिले आहेत. रक्तदाब मात्र एकदा मोजून घ्या, कारण हे थेंब तोही वाढवू शकतात.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. बारा दिवस खोकतोय, रात्री जास्त. ताप पहिले दोन दिवस होता, आता नाही. खेळतो, जेवतो. सासूबाई ओव्याची धुरी देतात आणि कापूर-ओव्याची पुरचुंडी उशाशी ठेवतात. खोकल्याच्या दोन बाटल्या संपल्या. डॉक्टरांनी ब्राँकायटिस म्हटल्यापासून झोप उडाली आहे. — एक आई, देवगड

बाई गं, शब्दाला घाबरू नकोस. छातीत शिरणाऱ्या श्वासनळ्यांच्या अस्तराला सूज आली की तिला ब्राँकायटिस म्हणतात. नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा ती विषाणूचीच असते. विषाणू आठवड्यात जातो, पण सोललेलं अस्तर भरून यायला वेळ लागतो. तोवर गार हवा, धूर, हसणं, पळणं, कशानेही उबळ येते. लोकांना वाटतं खोकला आठवड्यात थांबायला हवा. प्रत्यक्षात तो सरासरी अडीच आठवडे चालतो. सातव्या दिवशी धीर सुटतो, मग अँटिबायोटिक आणलं जातं. त्याने खोकला फार तर अर्ध्या दिवसाने कमी होतो आणि पोट मात्र बिघडतं.

मुलगा खेळतोय, जेवतोय, ताप उतरलाय, म्हणजे तो बरा होतो आहे. तरी आज रात्री एक गोष्ट कर. तो शांत झोपला की सदरा वर कर, पोटावर नजर ठेव आणि घड्याळात पूर्ण एक मिनिट मोज. पोट वर येऊन खाली गेलं की एक. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नकोस, मुलांचा श्वास एकसारखा नसतो. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा जास्त भरले तर तो वेगाचा श्वास, न्यूमोनियाची शंका. दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळात हाच आकडा ५०. मोजताना बरगड्यांखालीही बघ. प्रत्येक श्वासाला तिथली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल पाणी पीत नसेल, तर रात्र असो की पाऊस, निघायचंच. हे मोजणं मी वाडीवस्तीवरच्या पाचवी शिकलेल्या आज्यांना शिकवलं आहे, आणि त्यांनी वेळेवर आणलेली मुलं आज कॉलेजात आहेत.

बाटल्या बंद कर. पाच वर्षांखालच्या मुलांना खोकल्याची औषधं सहसा देऊ नयेत आणि दोन वर्षांखाली मुळीच देऊ नयेत, असं केंद्राच्या आरोग्य खात्यानेच ऑक्टोबर २०२५मध्ये कळवलं. बनावटीत दोष असलेल्या औषधाने मध्य प्रदेशात लहान मुलं गेली, त्यानंतरची ही सूचना आहे. त्याऐवजी झोपताना चमचाभर मध दे. खोकल्याला मधाचा उपयोग होतो हे तपासून पाहिलेलं आहे. फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, अगदी बारशालाही नाही. त्यातल्या जंतूंच्या विषाने बाळ लुळं पडू शकतं.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांची माया मला कळते, माझ्या आजीनेही मला धुरी दिली आहे. पण सुजलेल्या नळीला धूर म्हणजे जखमेवर मीठ. कापूर तर लहान मुलाने चुकून चघळला तर फेफरं येतं, म्हणून तो उशाशी नको, देवघरात उंचावर ठेवा. वाफेचं पातेलंही मुलाजवळ नको. वाफेने खोकला बरा होत नाही, पण पातेलं उलटून भाजलेली मुलं दर पावसाळ्यात माझ्याकडे येतात. आजींनी त्याला मांडीवर घेऊन गोष्ट सांगावी, कोमट पेज भरवावी. याने सगळ्यांत जास्त आराम पडेल.

तीन आठवडे उलटून खोकला गेला नाही, छातीतून शिट्टी वाजली किंवा घरात कोणाला दमा असेल तर दाखव. दर सर्दीला महिनाभर खोकणाऱ्या मुलाला पुष्कळदा दमाच असतो आणि त्याचे उपचार वेगळे.

प्रश्न : सासूबाई ६२ वर्षांच्या. कधी विडी-तंबाखूला शिवल्या नाहीत. तरी सात-आठ वर्षं पावसाळा लागला की बेडका पडतो तो होळीपर्यंत. चढाव चढताना दम लागतो. दर वर्षी ‘ब्राँकायटिस’ म्हणून इंजेक्शनं घेतो. पंप लिहून दिला होता, पण त्याची सवय लागते म्हणून वापरला नाही. — राजापूर तालुका

वहिनी, पत्रात तुम्ही एक गोष्ट सहज लिहून गेलात, ‘गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी चुलीवरच’. मला वाटतं उत्तर तिथेच आहे.

आपल्याकडचं न्हाणीघर मी डोळ्यांसमोर आणते. मागीलदारी उतरत्या कौलाखाली हातभर खिडकी, चुलीवर हंडा, आत माडाची चुडतं आणि नारळाची सोडणं कोंबलेली. पावसाळ्यात ती ओली, पेटता पेटत नाहीत, म्हणून बाई फुंकणीने फुंकर घालत वाकून बसलेली आणि धूर तोंडावर. वर कौलं आणि वासे काळे कुळकुळीत. मी घरी पेशंट बघायला गेले की आधी वर बघते. वाशांवर जी काजळी दिसते, तीच चाळीस-पन्नास वर्षं श्वासाबरोबर छातीत गेलेली असते. त्यात उकडा भात करायचा म्हणून अंगणातली चूल, भाजावळीचा धूर वेगळा. विडी न ओढता विडीचा आजार होतो तो असा.

दोन वर्षं लागोपाठ, वर्षातून निदान तीन महिने बेडका पडत असेल तर त्याला क्रॉनिक ब्राँकायटिस म्हणतात. लहान मुलाच्या खोकल्याशी याचं नाव जुळतं, पण हा आजार वेगळा. इथे अस्तर कायमचं जाड झालेलं असतं. दम लागतोय म्हणजे नळ्याही अरुंद झाल्या असाव्यात, त्याला सीओपीडी म्हणतात. इंजेक्शनांचं सत्र थांबवून त्यांची एकदा फुंकर मारायची तपासणी, स्पायरोमेट्री, करून घ्या. फुप्फुसाच्या डॉक्टरांकडे ती पंधरा-वीस मिनिटांत होते, सुई टोचत नाहीत. त्याआधी बेडका टीबीसाठी तपासा आणि छातीचा एक फोटो काढा.

पंपाची सवय लागत नाही. चष्मा लावल्याने डोळ्याला सवय लागते का? तसंच हे. गोळीतून जेवढं औषध अंगात जातं त्याच्या कितीतरी कमी पंपातून लागतं, आणि ते नेमकं नळीत उतरतं. मात्र पंप थेट तोंडात मारला तर औषध जिभेवर आणि टाळ्यावरच बसतं, मग ‘गुण आला नाही’. स्पेसर नावाची प्लास्टिकची नळकांडी मिळते, ती घ्याच. पंप हलवायचा, नळकांडीला लावायचा. सासूबाईंनी श्वास पूर्ण सोडायचा, ओठ नळकांडीभोवती घट्ट, पंप एकदाच दाबायचा, मग हळूहळू खोल श्वास घेऊन मनात दहा अंक मोजेपर्यंत धरायचा. दुसरी मात्रा मिनिटभराने. शेवटी चूळ भरायची. पहिल्या दिवशी तुम्ही समोर बसून करून घ्या. तरुण मुलांनाही पहिल्यांदा जमत नाही.

चूल बंद करणं हे औषधाइतकंच मोठं काम आहे. पाणी गॅसवर किंवा सौर बंबावर तापवा. तेवढं परवडत नसेल तर चूल उघड्यावर न्या, वर पत्रा घाला, आणि पेटवायचं काम सासूबाईंकडून काढून घ्या. ‘आयुष्यभर मीच पेटवली’ म्हणतील, तरी ऐकू नका. दरवर्षी फ्लूची लस आणि एकदा न्यूमोनियाची लस द्या. घरात बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र असेल तर त्यांच्या बऱ्या दिवसातला आकडा कालनिर्णयावर लिहून ठेवा. तो नेहमीपेक्षा तीन-चारने उतरला, बेडका एकदम वाढला किंवा पुवासारखा झाला, बोलताना धाप लागली, तर त्यांना मात्र अँटिबायोटिक लागू शकतं. तेव्हा दिवस मोजत थांबू नका.

प्रश्न : सहा वर्षं सायनसची डोकेदुखी आहे. उन्हातून आलं, जागरण झालं, उपास घडला की कपाळ आणि डोळ्यामागे ठणकतं, मळमळतं, अंधारात पडून राहावंसं वाटतं. नाकातून पाणी येतं. सायनसची सगळी औषधं झाली. — मालवण

ताई, शेंबूड घट्ट नाही, वास घेण्यात फरक नाही, ताप नाही, आणि दुखणं उन्हाने-उपासाने उठतं. ही अर्धशिशी, मायग्रेन, वाटते. अर्धशिशीतही नाकातून पाणी येतं, म्हणून फसगत होते. ‘सायनसची डोकेदुखी’ म्हणून येणाऱ्यांपैकी बहुतेकांची तपासल्यावर अर्धशिशीच निघते. सायनसच्या गोळ्या बंद करा आणि डोकेदुखीसाठी म्हणून डॉक्टरांकडे जा. ती कमी करणारी चांगली औषधं आहेत. सहा वर्षं फार झाली.

प्रश्न : वय ५४, मधुमेह बारा वर्षं, महिनाभर गोळ्या चुकल्या. चार दिवस डावा गाल बधिर आहे, नाकातून काळपट खपली पडली, डावी पापणी जड वाटते. साधं सायनस असेल का? — वेंगुर्ले

संपादकांनी या पत्राचा फोटो मला पाठवला तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते. मी ताबडतोब फोन लावला. चढलेली साखर, बधिर गाल आणि काळी खपली हे तिन्ही एकत्र आले की म्युकरमायकोसिस धरूनच चालायचं. २०२१मध्ये करोनानंतर ‘काळी बुरशी’ म्हणून सगळ्या महाराष्ट्राने ती पाहिली. तिचे कण कुजलेल्या पाल्यात, मातीत, हवेत सगळीकडे असतात. धडधाकट माणसाला काही करत नाहीत, पण साखर चढलेल्या अंगात त्या बुरशीला वाट मिळते. ती रक्तवाहिन्या बंद करत नाकातून डोळ्याकडे, तिथून मेंदूकडे सरकते. इथे दिवस मोजायचे नसतात, तास मोजायचे असतात. मुलाने त्यांना त्याच रात्री गोव्याला नेलं. दुर्बिणीने बघितल्यावर बुरशीच निघाली, मेलेला भाग काढला, शिरेतून औषध चालू आहे. डोळा वाचला आहे. ज्यांच्या घरी मधुमेही माणूस आहे त्यांनी या तीन खुणा आज घरात सगळ्यांना सांगाव्यात.

प्रश्न : मी खलाशी आहे. एक महिना खोकला आहे. थंडीचा असेल म्हणून दोन वेळा गोळ्या घेतल्या, थोडं बरं वाटलं की परत सुरू. वजन कमी झालंय. सीझन चालू आहे, होडी सोडून येता येत नाही. अजून चांगलं अँटिबायोटिक लिहून द्या. — हर्णै

भावा, गोळीचं नाव मी लिहिणार नाही, आणि का ते सांगते.

माझा दवाखाना सुरू होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. तुझ्यासारखाच एक खलाशी आला, खोकला महिन्याचा. मी छाती ऐकली, ब्राँकायटिस लिहिलं, गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी परत आला, मी वरच्या जातीचं अँटिबायोटिक दिलं. त्या औषधाने टीबीचे जंतूही थोडे दबतात, हे मला शिकवलेलं होतं, तरी मी दिलं. त्याला आठ दिवस बरं वाटलं, तो दर्यावर गेला. दोन महिन्यांनी आला तेव्हा गालफडं आत गेलेली आणि बेडक्यात रक्त. बरोबर चार वर्षांची मुलगी होती, तिच्या मानेला गाठी. दोघांनाही टीबी. दोघंही औषधांनी बरी झाली, ती मुलगी आता दोन मुलांची आई आहे. पण पहिल्याच दिवशी मी थुंकीच्या तपासणीची चिठ्ठी दिली असती तर ती गाठ तिच्या मानेला आलीच नसती. त्या दिवसापासून दोन आठवड्यांच्या वर खोकला असलेला एकही माणूस माझ्या दारातून ती चिठ्ठी घेतल्याशिवाय गेलेला नाही.

तुला टीबीच आहे असं मी म्हणत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही महिनोन्महिने कोरडा खोकला राहतो. पित्ताने राहतो, दम्याने राहतो. पण होडीच्या खणात आठ-दहा जण खेटून झोपता, तिथे आधी टीबीचा निकाल लागला पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तपासणी फुकट आहे. दोन नमुने लागतात, एक तिथेच, एक दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या. खोल खोकून छातीतला बेडका डबीत काढायचा, तोंडातली लाळ नको. यंत्रावरची तपासणी असेल तर ते काही तासांत सांगतं, जंतू आहेत का आणि मुख्य औषधाला दाद देतील का. टीबी निघाला तर औषधं फुकट, साधारण सहा महिने, आणि खाण्यासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. घरच्यांची तपासणीही तेच करतात. तोवर खोकताना तोंडावर रुमाल धर आणि रात्री डेकवर, वाऱ्याला झोप.

हे पान तुझ्या तांडेलाला, होडीच्या प्रमुखाला, वाचून दाखव. त्यांना सांग, दोन दिवस हा माणूस बंदरात राहू दे, नाहीतर सगळ्या होडीला बसून राहायची वेळ येईल. ऐकत नसतील तर संपादकांकडे माझा नंबर आहे, त्यांना फोन लावायला सांग. मी बोलेन.